ओळखीची खूण

सोहारला, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर,
टायरच्या दुकानाच्या माडीवर आमचं तपासणी केंद्र.
पहाटे बस येते. माणसं उतरतात,
प्रत्येकाच्या हातात पिवळी फाईल.
मी उंची मोजते, वजन करते, रक्त घेते,
आणि नवव्या रकान्यात लिहिते
शरीरावरची ओळखीची खूण.
डाव्या गालावर तीळ. भुवईवर टाक्यांचा व्रण.
बहुतेकांचं एवढ्यातच भागतं.

पवनीला बाबा पौर्णिमेच्या रात्री
विहाराच्या फरशीवर आम्हा पोरांना बसवून
महापुरुषाची बत्तीस लक्षणं सांगायचे.
तळव्यावर चक्र, हजार आऱ्यांचं.
हात इतके लांब की न वाकता गुडघ्याला लागावेत.
बोटांच्या मध्ये जाळं. गाईसारख्या पापण्या.
दात चाळीस.
मी म्हणायची, चाळीस दातांचा माणूस
भेसूर नाही का दिसणार हो?
बाबा हसायचे.
"खुणा लोकायले लागतात बाई.
त्याले सोताले आरशाचं कामच नव्हतं."

इथं अकरा वर्षांत मी किती तळवे पाहिले.
एका फिटरचे बूट वितळले होते,
पावलांवर लोखंडी जाळीच्या चौकटी उमटलेल्या.
एका वेल्डरची दोन बोटं भाजून एकमेकांत मिटलेली;
जाळं ते हेच का, असं मनात आलं
आणि दिवसभर माझी मला लाज वाटली.
सिमेंटनं पांढऱ्या पापण्या.
अंगठे असे झिजलेले की मशीन ठसा घेत नाही.
लाल दिवा. पुन्हा ठेवा. पुन्हा लाल.
माणूस समोर उभा, घाम पुसतोय,
आणि मशीन म्हणतं, हा कुणीच नाही.

जुलैत सुकोमल बरुआ आला, चितगावकडचा.
बिल्ल्यावरचं माझं नाव त्यानं मोठ्यानं वाचलं,
उत्पला,
आणि पालीतली एक ओळ हळूच म्हटली, त्याच्या उच्चारात.
पुढची मी म्हटली, पवनीच्या.
मागच्या पठाणाला वाटलं, नातेवाईक भेटले.

फोटोत उजव्या फुप्फुसाच्या माथ्यावर ढग निघाला.
सांगायचं काम माझं, दाराशी उभं राहून.
सांगितलं, हिंदीत.
तो थोडा वेळ फरशीकडं पाहत राहिला.
मग विचारलं, हे दुसऱ्याला लागतं?
लागतं, म्हटलं.
त्यानं मास्क नाकावर चढवला.
खुर्ची उचलली, ओढली नाही,
कोपऱ्यात नेली, भिंतीकडं तोंड करून बसला.
आणि मान न वळवता म्हणाला,
बसमध्ये माझ्या शेजारी एक पोरगा होता, नेपाळचा,
पहिल्यांदाच आलाय.
त्याचा फोटो जरा नीट पाहाल?

बाळाचे तळवे पाहून असित ऋषी रडला होता,
हे बोलेल तोवर आपण नसू, म्हणून.
बाबा इथं थांबायचे, चष्मा पुसायचे.
मी रडले वगैरे नाही.
पुढचा नंबर एकशे चौदा होता.
पोराचा फोटो दोनदा उजेडासमोर धरला.
स्वच्छ होता.

दुपारी बरुआची फाईल बंद करायची
तर नववा रकाना कोरा.
तीळ नाही, व्रण नाही. ठसा तर मशीननं घेतलाच नव्हता.
डॉक्टर हिलाल म्हणाले, काहीतरी लिही, कोरं चालत नाही.
मी लिहिलं,
खुर्ची उचलून नेतो.
त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं,
ओळ खोडली,
वर अरबीत 'काही नाही' लिहून सही केली.
रागावले नाहीत. त्यांचंही बरोबर होतं.

संध्याकाळी दिवे बंद करताना
ती खुर्ची तशीच, भिंतीकडं तोंड करून.
जागेवर ठेवायला गेले.
लोखंडी होती.
वाटलं होतं त्याहून जड.